चार फुटांचा फुटपाथ

मेव्हिस थर्लवेलने आमच्या ऑल्डरविकच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं पोरांना जेवण वाढलं. गावातल्या चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी तिच्या हातचा उकडलेला कोबी बटाट्याखाली लपवलाय आणि तिने तो शोधून काढलाय. मी तिची शेजारीण. आमच्या घरांची मधली भिंत एकच, त्यामुळे तिच्या घरी फोन वाजला की मला ऐकू येतो.

त्या फेब्रुवारीत तो सकाळी सकाळी वाजला. पाच मिनिटांनी मेव्हिस माझ्या मागच्या दाराशी उभी. स्वेटर उलटा घातलेला.

"थॉर्नहोपच्या वृद्धाश्रमातून होता," ती म्हणाली. "कड्डीला तिथे ठेवलंय. झटका आला होता त्याला, नोव्हेंबरात. उजवी बाजू गेली."

"कड्डी? तुझा भाऊ?"

"त्याच्या कागदांवर जवळचं माणूस म्हणून माझं नाव आहे म्हणे. त्याने स्वतः लिहिलंय. झटक्याच्या कितीतरी आधी." ती खुर्चीत बसली. "अडतीस वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही आणि कागदावर माझं नाव लिहितो. काय म्हणायचं याला?"

मी उठून चहा ठेवला.

कथबर्ट हेडली, म्हणजे कड्डी, मेव्हिसहून आठ वर्षांनी मोठा. आई लवकर गेली तेव्हा तिच्या वेण्या घालणारा, तिला शाळेत सोडणारा तोच. तोही कोळशाच्या खाणीत आणि मेव्हिसचा नवरा रॉनीही खाणीत, एकाच पाळीला. मग संपाचं वर्ष आलं. आमच्याकडे नुसतं 'संप' म्हटलं तरी कुठला, असं कुणी विचारत नाही. वर्षभर चालला तो. मेव्हिसची मुलगी त्याच हिवाळ्यात जन्मली, सातव्या महिन्यात, अडीच पौंडांचं पोर. घरात कोळसा नाही, खिडकीला आतून बर्फ. रॉनीने कळ काढली, काढली, आणि शेवटी एका सोमवारी तो संप मोडणाऱ्यांना नेणाऱ्या, दगड लागू नयेत म्हणून खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. कड्डी खाणीच्या फाटकाशी उभा होता. त्याने शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त मान फिरवली. तीन आठवड्यांनी संप मिटला आणि सगळेच बँड वाजवत परत गेले. पण कड्डीची मान फिरली ती फिरलीच. बहिणीला पाहूनही तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. सहा वर्षांपूर्वी रॉनी गेला, तेव्हाही कड्डी आला नाही.

"जाणार आहेस का?" मी विचारलं.

"जाते. तोंड तरी बघून येते कसं झालंय ते."

पण जायचं कसं? मेव्हिस गाडी शिकलेली नाही. थॉर्नहोपची बस आधी तासातासाला होती, मग दिवसातून दोनदा झाली, आणि त्या वर्षी तीही गेली. गाडी माझ्याकडे होती, पण मी वाचनालयात सहा दिवस नोकरीला, आणि रविवारी सोडते म्हटलं तर ती नको म्हणाली. तेव्हा ती चालत निघाली. सव्वातीन मैल.

भाजीच्या मळ्यांमागून कोळशाच्या गाड्यांचा जुना रूळमार्ग जातो. रूळ कधीच उखडलेत, आता तिथे बर्च वाढलेत आणि लोक कुत्री फिरवतात. तो दोन मैल. सपाट, कोरडा, सुखाचा. मग पाईक्स बँकपाशी तो मोठ्या रस्त्याला लागतो आणि पुढचा सव्वा मैल रस्त्याच्या कडेच्या फुटपाथवरून. तिथे सगळी गंमत संपते. सुरुवातीला फुटपाथ माणसासारखा असतो, मग हातभर होतो, मग वीतभर. एका बाजूने कुंपणाची काटेरी झुडपं अंगावर येतात आणि दुसऱ्या बाजूने दगडाच्या खाणीच्या लॉऱ्या. मेव्हिस तिथे एका पायापुढे दुसरा पाय ठेवत, दोरीवर चालल्यासारखी जायची.

पहिल्या दिवशी कड्डी खिडकीकडे तोंड करून बसला होता. ती आत आली, त्याने पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. ती अर्धा तास बसली, शाळेतल्या गोष्टी सांगितल्या, उठली. दारात तिथली सेविका एन्गोझी भेटली. लागोसची, ऐसपैस बांध्याची बाई, कड्डीची सगळी देखभाल तिच्याकडे.

"मनाला लावून घेऊ नका हं, मिसेस थर्लवेल. ते कुणाशीच बोलत नाहीत. बोलता येतं, पण बोलत नाहीत."

"मी कुठे लावून घेतेय? मला अडतीस वर्षांची सवय आहे," मेव्हिस म्हणाली आणि गुरुवारी पुन्हा गेली. मग रविवारी. मग पुढच्या गुरुवारी. मी एकदा म्हटलं, "कशाला जातेस गं मरायला?" तर म्हणाली, "कोबी न खाणारी पोरं एकतीस वर्षं सांभाळलीत मी. हा एक त्यातलाच."

मार्चच्या शेवटी एका लॉरीने तिला अगदी घासून मागे टाकलं. धक्का लागला नाही, पण वाऱ्याच्या झोताने ती कुंपणात जाऊन पडली. गालावर ओरखडे, कोटाला चिखल, हातातली केकची पिशवी चपटी. परत फिरावं तर तेवढंच अंतर. तशीच गेली.

कड्डीने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. आणि जड जिभेने, एकेक शब्द ढकलत म्हणाला, "काय... झालं?"

मेव्हिस मला म्हणाली, "अगं, मी रडायला हवं होतं. पण मला इतका राग आला होता त्या रस्त्याचा, की काल बोलून आज पुन्हा बोलावं तशी मी सुरू झाले."

"लॉरी!" ती त्याला म्हणाली. "काय होणार दुसरं? हा फुटपाथ आहे की चेष्टा? मांजर आडवं बसायचं म्हटलं तरी शेपूट रस्त्यावर येईल."

"चार फूट," कड्डी म्हणाला.

"काय चार फूट?"

"फुटपाथ. चार फूट. मी... घातलाय."

तेव्हा तिला आठवलं. खाण बंद पडल्यावर कड्डी बारा वर्षं कौन्सिलच्या रस्त्याच्या टोळीत होता. अंगात पिवळं जाकीट, हातात फावडं. ती लांबून पाहायची.

"कड्डी, वीतभर आहे तो. मी त्याच्यावरून आत्ता चालत आलेय, तू नाही."

त्याने धडधाकट असलेला डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. "खण!"

"काय?"

"खण! खाली आहे."

दारात एन्गोझी हातात औषधांचा ट्रे घेऊन थिजली होती. पाच महिन्यांत तिने त्याच्या तोंडून 'हो', 'नको' आणि एक शिवी एवढंच ऐकलं होतं.

रविवारी मेव्हिसने रॉनीचं बागेतलं फावडं घेतलं आणि शिवणकामाची फीत खिशात टाकली. फुटपाथ जिथे वीतभर होतो तिथे तिने फावडं गवतात घातलं. चार बोटं माती, मुळांची जाडजूड चटई, आणि खाली टक्क आवाज. काळं डांबर. ती कुंपणाकडे खणत गेली. डांबर संपेचना. शेवटी कुंपणाच्या पायथ्याशी सिमेंटची कड लागली, सरळ, दोरी धरून लावलेली. तिने फीत लावली, फोनने फोटो काढला आणि थेट कड्डीच्या नाकासमोर धरला.

कड्डीने फोटो बराच वेळ पाहिला. "चार फूट... एक इंच," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "जोडीदाराची चूक... डगीची."

तीस वर्षांत कौन्सिलने तो फुटपाथ कधी साफच केला नव्हता, एवढंच. दरवर्षी पानं पडली, कुजली, गवत रुजलं, कुंपण पुढे सरकलं. सगळ्यांना वाटायचं फुटपाथच अरुंद आहे. होता तो सगळा खाली.

मेव्हिसने कौन्सिलला फोन केला. यादीत नाव घातलंय, असं उत्तर मिळालं. यादी किती लांब, विचारलं तर पलीकडची व्यक्ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? लांब आहे." तेव्हा मेव्हिस रोज सकाळी जाऊ लागली. बुजलेला भाग साधारण नऊशे यार्ड. दिवसाला तिच्याने दोन यार्ड होत. मी हिशेब करून सांगितलं, "सव्वा वर्ष लागेल, तेही पाऊस न धरता."

"मग काय झालं? मला कुठे जायचंय?"

येणारेजाणारे गाडीची काच खाली करून ओरडायचे, "काय मेव्हिस, कोळसा लागला का?"

"लागला तरी तुला सांगायची नाही!"

कधी कुणी भोंगा वाजवायचं, कधी कुणी शिव्याही द्यायचं. मे महिन्यात रस्ते खात्याची एक तरुण इंजिनियर गाडीतून उतरली. कुणीतरी तक्रार केली होती. मी त्या दिवशी तिथेच होते, माझी सुट्टी होती म्हणून हातगाडी ओढायला गेले होते. मला वाटलं, आता दंड. त्या मुलीने साफ केलेल्या पट्ट्यावरून दीडशे पावलं चालून पाहिलं, परत आली, गाडीची डिकी उघडली आणि दोन पिवळी जाकिटं आणि रस्त्यावर ठेवायचे चार शंकू काढून दिले.

"परवानगीशिवाय हे करायचं नसतं," ती म्हणाली. "परवानगीचा कागद मी परवा पाठवते. तोवर मी इथे आलेच नव्हते. आणि माती गटाराच्या जाळीवर टाकू नका, प्लीज."

त्यानंतर मीही कामाआधी तासभर जाऊ लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला थॉर्नहोपच्या टोकाला एक माणूस खणताना दिसला. सत्तरीचा, बुटका, कमरेला पट्टा. दुसऱ्या दिवशीही दिसला. तिसऱ्या दिवशी मेव्हिस फावडं खांद्यावर टाकून त्याच्याकडे चालत गेली. मी मागोमाग. तो डगी रटर होता, कड्डीचा रस्त्याच्या टोळीतला जोडीदार, आणि त्याआधी खाणीतला. संपात शेवटच्या दिवसापर्यंत टिकलेला.

त्याने फावडं जमिनीत रोवलं. "मला ठाऊक आहे तू कोण ते," तो म्हणाला. "रॉनी थर्लवेलची बायको."

मेव्हिसने फावडं खांद्यावरून उतरवलं. रस्त्यावरून दोन लॉऱ्या गेल्या.

"मलाही ठाऊक आहे तू कोण ते," मेव्हिस म्हणाली. "एक इंच जास्त घातलास, तो."

डगीने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. "तो म्हातारा अजून तेच धरून बसलाय? अगं बये, तो इंच त्याचा होता! दोरी त्याने धरली होती!" हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो दुसरीकडे बघत म्हणाला, "ऑल्डरविकची बाई एकटी खणतेय आणि थॉर्नहोपवाले गाडीतून बघतायत, हे बरं नाही दिसत. अर्धा आमचा आहे तो."

रॉनीबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. पण दर सकाळी यायचा.

मग लोक येत गेले. कुत्री फिरवणारे दोघे, वाचनालयातल्या माझ्या दोन मैत्रिणी, थॉर्नहोपच्या सायकल क्लबचे काही जण, एक निवृत्त धर्मगुरू, जो खणायचा कमी आणि बोलायचा जास्त. काहींनी येतो म्हणून तोंड दाखवलं नाही. जुलैत मेव्हिसची पाठ धरली आणि ती आठ दिवस आडवी पडली. भिंतीवर ठोकून मला विचारायची, "आज किती झाले?" मी ओरडून सांगायची, "अकरा यार्ड!"

गुरुवार-रविवारच्या भेटी चालूच होत्या. पाठ धरली त्या आठवड्यात ती तेवढ्यापुरती उठली आणि मी गाडीने नेऊन आणलं. कड्डी आता रोजचा हिशेब मागायचा. कुठवर आलात? पुलाजवळ पाणी साचतं, तिथे कड उचलून पाहा. झाडाची मुळं तोडू नका, वळसा घ्या. जीभ सैल होत चालली होती. एन्गोझी म्हणायची, "मी व्यायाम करा म्हटलं की यांना झोप येते. फुटपाथचं नाव काढलं की लगेच ताठ!"

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या टोळ्यांमधलं शेवटचं गवत डगीने उलटं केलं. आम्ही तिथेच कडेला बसून थर्मासमधला चहा प्यायलो. चिखलाने माखलेले चौदा जण. धर्मगुरूला दोन शब्द बोलायचे होते. मेव्हिस म्हणाली, "आधी सँडविच खाऊन घ्या." त्याला नंतर विसरच पडला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या गावच्या क्लबात लीकचं प्रदर्शन असतं. लीक म्हणजे कांद्याची जाड पात, पण आमची माणसं ती मनगटाएवढी नव्हे, दंडाएवढी वाढवतात आणि तिच्यासाठी बायकोपेक्षा जास्त जागतात. कड्डीने संपाच्या आधी दोनदा पहिला नंबर काढला होता. मेव्हिसने त्याला विचारलं, "येतोस का बघायला? माझ्याबरोबर. तुझ्या फुटपाथवरून."

तो म्हणाला, "ढकलणार कोण?"

"तुझी बहीण. दुसरं कोण बसलंय?"

निघालो आम्ही पाच जण. कड्डी व्हीलचेअरमध्ये, मांडीवर घोंगडी, डोक्याला इस्त्रीची टोपी. मेव्हिस मागे, बाजूला एन्गोझी, पुढे डगी पिवळं जाकीट घालून एखाद्या मिरवणुकीच्या चोपदारासारखा, आणि मी पिशव्या घेऊन. चार फुटांवर खुर्ची अगदी ऐटीत चालत होती. कड्डी मान खाली घालून दोन्ही कडा तपासत होता. पुलाजवळ त्याने हात वर केला. आम्ही थांबलो. त्याने बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. "उतार बरोबर आहे," तो म्हणाला आणि पुढे चला अशी खूण केली.

पाईक्स बँकला पोचलो आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. रूळमार्गाच्या तोंडाशी मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून कुलपाचा लोखंडी अडसर ठोकलेला होता. चालणारा माणूस अंग तिरपं करून जायचा. व्हीलचेअर जात नव्हती. इतके महिने त्यातून ये-जा करूनही मेव्हिसला ते सुचलं नव्हतं, आम्हालाही नाही.

"किल्ली कौन्सिलकडे," डगी म्हणाला. "आणि आज शनिवार."

"उचलू या," मी म्हटलं.

"त्याला?" डगी म्हणाला. "खाणीत गाड्या ओढणारे घोडे हलके होते याच्यापेक्षा."

मेव्हिसचा चेहरा पडला. इतक्या महिन्यांत मी तो पडलेला पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात कड्डीने घोंगडी बाजूला केली. "खुर्ची घडी करा," तो म्हणाला.

"मिस्टर हेडली, काय करताय?" एन्गोझी धावली.

त्याने डावा हात मेव्हिसच्या खांद्यावर टाकला, एन्गोझीने कमरेचा पट्टा धरला, आणि तो उठला. उजवा पाय फरपटत होता. एक पाऊल. अडसराची दांडी धरून दुसरं. मेव्हिस उलटी, त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत होती, मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा आई सरकते तशी. पाच पावलं झाली. पलीकडे डगीने खुर्ची उघडून धरली होती, तिच्यात तो धपकन बसला. घामाने निथळत होता आणि हसत होता. वाकड्या तोंडाने, पण हसत होता.

एन्गोझी कमरेवर हात ठेवून उभी. "माझ्यासमोर दोन पावलं टाकायला महिनोन् महिने नखरे! आणि इथे लोखंड पाहून पाच?"

"तिथे... कुठे जायचं होतं?" कड्डी म्हणाला.

रूळमार्ग संपतो तिथे आमची दफनभूमी लागते. फाटक ओलांडून आम्ही पुढे निघालो, तर कड्डी म्हणाला, "थांब. रॉनी कुठे?"

मेव्हिसने खुर्ची आत वळवली. आम्ही तिघं फाटकाशीच थांबलो. गवतात चाकं रुतत होती, तिने ती ओढत ओढत नेली. दोघं तिथे दहाएक मिनिटं होती. काय बोलणं झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कड्डीने दगडावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "पोर आजारी होती."

"हो."

"मला माहीत होतं. तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "बोलायचं होतं."

एवढंच. "तुला वाटेल मला बरं वाटलं असेल," मेव्हिस मला म्हणाली. "अगं, मी इतकी भडकले होते की क्लबापर्यंत त्याच्याशी बोललेच नाही. माहीत होतं म्हणे! अडतीस वर्षं!" ती चहाचा कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण भडकायला तरी कुणी समोर लागतं. इतकी वर्षं पाठच दिसायची. आता तोंडावर भांडता तरी येईल."

आणि त्या दिवशी क्लबात भांडण झालंच. कड्डीने पहिल्या नंबरचा लीक पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "हा? हा तर पाणी पिऊन फुगलाय." ज्याचा लीक होता तो म्हणाला, "अडतीस वर्षांनी उगवलास तो हे सांगायला?" काही म्हातारी माणसं उठून कड्डीशी हस्तांदोलन करायला आली. एक-दोघांनी मेव्हिसच्याही हाती हात दिला. जे उठले नाहीत ते उठले नाहीत. बिअरचा अर्धा ग्लास एन्गोझीने मोजून त्याच्या हातात दिला आणि त्याने तो दोन तास पुरवला.

ऑक्टोबरात ती इंजिनियर मुलगी स्वतः किल्ली घेऊन आली, आणि नाताळच्या आधी कौन्सिलने तो अडसर काढून तिथे खुर्ची जाईल असं फाटक बसवलं. आता वर्षातून दोनदा कौन्सिलचं छोटं यंत्र येऊन फुटपाथच्या कडा साफ करून जातं. कड्डी महिन्यातून एकदा ऑल्डरविकला येतो. पुलाजवळ खुर्चीतून उतरून तो वीसएक पावलं चालतो, तिथला उतार त्याचा आवडता आहे. मेव्हिसच्या स्वयंपाकघरात दोघं बसतात आणि भिंतीतून मला ऐकू येतं, कधी हसणं, बऱ्याचदा वाद. बटाटे कसे चिरायचे इथपासून संपापर्यंत सगळ्यावर.

गेल्या सोमवारी वाचनालयातून येताना मला पाईक्स बँकच्या फुटपाथवर एक बाई दिसली. ओळखीची नव्हती. बाबागाडीत तान्हं, बाजूला चालणारी मुलगी, तिच्या हातात दप्तर. दोघी शेजारी-शेजारी चालत होत्या, मुलगी काहीतरी सांगत होती आणि आई ऐकत होती. लॉरी गेली, तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही.